पावण्याची खुर्ची

आमच्या गावात गावची म्हणावी अशी खुर्ची एकच. शाळेतल्या सरकारच्या, पोस्टातली पोस्टाची. ही मात्र सगळ्यांची. धोंडू शिंप्याच्या पडवीत ती उलटी टांगलेली असते, तिचा एक हात मोडका आहे, आणि ती फक्त पाव्हण्यासाठी खाली उतरते. देवी टोचणारा डॉक्टर आला तेव्हा उतरली होती. मतपेट्या घेऊन साहेब आले तेव्हा उतरली होती. त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात लवूकाका आफ्रिकेतून कायमचा परत आला तेव्हा जी उतरली, ती दसऱ्यापर्यंत वर चढलीच नाही.

लवूकाका आमचा शेजारी. शिंप्याच्या घराण्यातल्या थोरल्या पातीचा, आणि धोंडू त्याचा चुलतभाऊ, धाकट्या पातीचा. लवूकाका मिसरूड फुटायच्या वयात बोटीत बसून टांगानिकात दारेसलामला गेला आणि तिथे शिंपीकाम करत पंचवीस वर्षं राहिला. मधे दोनदा रजेवर आला होता. पहिल्यांदा लग्न करायला आणि दुसऱ्यांदा ते अजून टिकलंय ना हे बघायला, असं त्याची बायको रुक्मिणीकाकू विहिरीवर सांगते. मी विहिरीवर सगळ्यांच्या नकला करते, त्यामुळे माझ्या कानातून काही सुटत नाही. पुढचं बोलणं ज्याच्या त्याच्या तोंडचंच आहे, मी फक्त लिहून काढलंय.

जवळच्या कट्टा गावी एसटीतून उतरला तेव्हा लवूकाकाच्या एका हातात पत्र्याची ट्रंक आणि दुसऱ्या हातात गोधडीत गुंडाळलेलं शिवणयंत्राचं डोकं होतं, बाळंतिणीने पोर धरावं तसं. बैलगाडीवाला बैलांना हाकू लागला तर हा मागून म्हणतो, "पोले पोले." बैल थांबले. गाडीवान म्हणाला, "ह्या काय आसा?" लवूकाका म्हणाला, "हळू हळू, मशीन आसा ना."

पुढे हे पोले पोले रोज ऐकू यायला लागलं. पेजेच्या मडक्याला पोले पोले, कासऱ्याला पोले पोले, विहिरीत कळशी सोडताना पोले पोले. रुक्मिणीकाकू म्हणाली, "पोले पोले करून परत येवक पंचवीस वर्सां लावलास, आता माका खंय शिकवतास?" कोंबड्यांना तो "कुकू, कुकू" म्हणून तिकडच्या भाषेत बोलवायचा आणि एकही यायची नाही. काकू आतून ओरडायची, "अहो, आमच्या कोंबड्यांका मालवणीच कळता."

पहिल्या दिवशी लवूकाका धोंडूकडे गेला. धोंडूने खुर्ची काढली, फडक्याने पुसली, म्हणाला, "बसा, बसा. तुमी बसा." लवूकाका चपापला. लहानपणी ज्याला पाठीवर घेऊन ओहोळ ओलांडला तो धोंडू त्याला 'तुमी' म्हणत होता. दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला, तर खुर्ची त्याच्याआधी तिथे पोचलेली. धोंडूच्या पोराने ती डोक्यावर घेऊन धावत आणली होती. सोसायटीच्या दुकानात खुर्ची, बंदरावर खुर्ची. बंदरावर वाळूत तिचे पाय रुतले आणि लवूकाका गप्पा मारता मारता एका बाजूला कलंडत गेला, तरी कोणी त्याला उठू देईना. "पावणे तुमी, बसून ऱ्हवा." चहा तर इतका पाजला की तो संध्याकाळी घरी येऊन नुसता पडून राहायचा.

आणि काम मात्र कोणी देईना. बाबली तांडेलाचा सदरा खांद्यापासून कोपरापर्यंत उसवलेला. लवूकाका म्हणाला, "दी रे, हातासरशी टाके घालतंय." बाबलीने तो हात पाठीमागे लपवला. "छ्या. तुमी सायबांचे कोट शिवलास, माजी चिंदी खंय शिवतास?" आणि तसाच उसवलेला होडीवर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र एक गंमत झाली. रुक्मिणीकाकूने लवूकाकाच्या हातात चहाच्या ऐवजी कुदळ दिली. म्हणाली, "उठा. पाऊस पडायच्या आदी मागचो गडगो घालूचो आसा, दगड उकरून काढा." लवूकाकाने कुदळीकडे बघितलं, काकूकडे बघितलं, आणि तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला. काकूला वाटलं ऊन लागलं. ती तांब्याभर पाणी घेऊन त्याच्या डोक्यावर ओतायच्या बेतात होती, तेवढ्यात तो ट्रंकेकडे गेला आणि त्यातून एक कापड काढून त्याने अंगणात पसरलं.

तांबडंभडक, काळ्या काठाचं, मधे पिवळे काजूगर असावेत तशी नक्षी. आणि खालच्या काठाशी इंग्रजी अक्षरं, पण इंग्रजी नव्हे. लवूकाकाने बोट फिरवून वाचलं. "म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेम्बे. म्हंजे काय ठावक आसा? दोन दिस पावणो, तिसऱ्या दिसा तेच्या हातात कुदळ दी."

काकू म्हणाली, "मगे? ह्या सांगूक आफ्रिकेत कित्याक जावक व्हया?"

त्या कापडाला तिकडे कांगा म्हणतात. बायका नेसतात. ते जोडीने विकत मिळतं, आणि लवूकाकाकडे जोडीतलं एकच होतं. दुसरं कुठे गेलं ती गोष्ट त्याने आम्हाला पावसाळाभर पडवीत बसून इतक्या वेळा सांगितली की आता मी ती त्याच्याहून बरी सांगते. सांगताना तो सगळ्यांचे आवाज काढायचा, म्हणून मला तो गावात सगळ्यांत जास्त आवडतो.

एकसष्टच्या डिसेंबरात टांगानिकावरून इंग्रजांचं निशाण उतरणार होतं. लवूकाकाच्या दुकानात जुमा नावाचा एक शाळामास्तर आला. म्हणाला, फुंडी, माझ्यासाठी आमचा कपडा शिव. फुंडी म्हणजे कारागीर; तिथे शिंप्यालाही तसंच म्हणतात.

"मी म्हटलंय, शिवतंय," लवूकाका सांगायचा. "खंयचो तुमचो कपडो, ता सांग. तर तो गप. इंग्रजांची पाटलोण आयुष्यभर घातल्यान. माका म्हणता, थांब, इचारून येतंय."

विचारायला गेला आणि दोघांना घेऊनच आला. एक त्याचा काका, एक बसचा ड्रायव्हर. तिघे दुकानातल्या बाकावर बसले. ड्रायव्हर म्हणाला, कान्झू शिव. कान्झू म्हणजे पायघोळ पांढरा झगा. जुमा म्हणाला, तो अरबांचा. काका म्हणाला, माझा आजा कातडं नेसायचा, तोच आपला खरा कपडा. ड्रायव्हरने विचारलं, दारेसलामच्या उन्हात आजाला घाम यायचा नाही? काका म्हणाला, यायचा, म्हणून तो दुपारचा बाहेर पडायचा नाही. मग झाडाच्या सालीचं कापड निघालं. ते म्हणे तळ्याकडच्या लोकांचं, आपलं नव्हे. शिवाय पावसाने भिजलं तर जुमा झेंड्याखाली उघडा. कोट म्हणावा, तर तो साहेबाचा, आणि साहेबाला तर त्याच कोटासकट बोटीवर चढवायचा होता.

"रोज येयत, रोज भांडत," लवूकाका म्हणायचा. "मी माप तेवढा घेवन ठेवलंय. छाती काय परकी नव्हती."

शेवटी जुमाची आई आली. तिकडे बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात, मामा जुमा. हे ऐकून अप्पा गावकार, म्हणजे आमच्या देवळाचे सगळ्यांत मोठे मानकरी, म्हणाले होते, "बायलमनशाक मामा म्हणतत? मगे मामाक काय म्हणतत?" आणि त्या दिवशी गोष्ट तिथेच थांबली होती, कारण लवूकाकाला उत्तर आठवेना.

तर मामा जुमा आली. बाकावरचे तिघे आपोआप उठले. तिने कमरेचा कांगा सोडला, आत दुसरा होताच, आणि लवूकाकासमोर टाकला. म्हणाली, याचा सदरा शिव. ड्रायव्हर हसला. म्हणाला, मामा, हा तर मुंबईचा माल, काठावर छापलंय बघ. त्यावर ती जे बोलली ते लवूकाका नेहमी उभा राहून सांगायचा, एक हात कमरेवर ठेवून.

"मुंबयसून माजी पोरां पाटीर बांदूक कोण इल्लो? ह्या कापडात चार पोरां मी बांदलंय. ह्याच नेसान लगीन केलंय. ह्याच तोंडार घेवन घोवाक रडलंय. मगे आता माका सांग, ह्या कोणाचा? गिरणीचा?"

ड्रायव्हर बसला.

लवूकाकाने त्या कांग्याचा सदरा शिवला. झेंडा चढला त्या रात्री जुमा तो घालून उभा होता, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानासमोर तसल्याच सदऱ्यांसाठी रांग. ड्रायव्हर पहिला.

"आणि मशीन मारता मारता माका वाटला," इथे लवूकाकाचा आवाज दरवेळी जरा खाली यायचा, "ह्येंनी इचारून इचारून आपला शोधून काढल्यानी. माजा खंय आसा? तेवा माका तरंग दिसलो."

तरंग म्हणजे आमच्या रवळनाथाची उंच काठी. दसऱ्याला तिला वस्त्रं नेसवतात, थरावर थर, आणि मग खांद्यावर घेऊन नाचवतात. नेसवायचा मान शिंप्याच्या थोरल्या पातीचा. लवूकाकाचे वडील नेसवायचे. निऱ्या अशा घालायचे की तरंग फिरला की घेर छत्रीसारखा उघडावा. लवूकाका आफ्रिकेत गेला, वडील वारले, मान धोंडूच्या बापाकडे आणि मग धोंडूकडे गेला. लवूकाकाला आयुष्यात तेवढी एकच गोष्ट परत हवी होती. निघताना मामा जुमाने जोडीतला उरलेला कांगा त्याला दिला तेव्हाच त्याने ठरवलं, हा रवळनाथाला. इतका ठरवून आलेला माणूस, आणि इथे त्याला खुर्ची.

नवमीच्या दिवशी दुपारी गाव देवळात जमला. आम्ही बायका-पोरी खांबांच्या मागे. लवूकाकाची खुर्ची मधोमध, कांगा घडी करून मांडीवर. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माका काय नको. फक्त उद्या तरंगाक हात लावूक दिया, आणि ह्या कापाड पयल्या थराक लावा."

धोंडू उठला. तो बोलतो तेव्हा तोंडात टाचण्या धरल्यासारखा बोलतो, सवयीने. "लवूदादा, तुमचो मान मोठो. तुमी बसा. पण परक्या मुलखाचा कापाड देवाच्या अंगाक? आणि तुमी आता पावणे. पावण्याक कामाक लावला तर गावाची शोभा काय ऱ्हवली?"

ह्यात धोंडू अगदीच दुष्ट नव्हता. त्याचेही हात त्या निऱ्यांवर वीस वर्षं फिरलेत. दसरा सोडला तर वर्षभर त्याला शिवायला लंगोट आणि शाळेच्या चड्ड्या.

गलका झाला. तेव्हा अप्पा गावकार म्हणाले, "गजाली पुरे. देवाच्या कानार घालया." आणि गाऱ्हाण्याला उभे राहिले.

आमच्याकडे देवाशी बोलायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, आणि दर वाक्याच्या शेवटी सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." हे कोणी शिकवत नाही. माझा धाकटा भाऊ 'आई' म्हणायच्या आधी 'व्हय म्हाराजा' म्हणाला. सांगणाऱ्याचा सूर शेवटाला खाली आला की आपलं तोंड उघडतं. कानाने काय ऐकलं याची तोंड वाट बघत नाही.

"बा देवा रवळनाथा," अप्पांनी सूर लावला, "बारा वयवाटीच्या धन्या, आज तुजी लेकरां तुज्या दारात जमली हत."

"व्हय म्हाराजा."

"पावण्याक पावण्याचो मान, घरकाराक घरकाराचो मान, ही तुजी रीत आसा."

"व्हय म्हाराजा."

"तर तरंगाक घरकाराचोच हात लागांदे, पावण्याचो हात लागाक नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत ठसठशीत 'व्हय म्हाराजा' लवूकाकाच्या तोंडून आलं. खुर्चीत बसून, हात जोडून, डोळे मिटून. आपल्याच विरुद्धच्या गाऱ्हाण्याला. पंचवीस वर्षं दर्यापलीकडे राहून त्याचं तोंड अजून इथेच होतं. त्याने डोळे उघडले, आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि खांबामागे रुक्मिणीकाकूने कपाळावर हात मारला.

"झाला मगे," धोंडू म्हणाला. "ते सोता व्हय म्हणाले."

 मी बघितलं, लवूकाकाच्या मिशा हलायला लागल्या. कुदळ हातात घेऊन तो हसला तेव्हा हलल्या होत्या तशाच. तो खुर्चीतून उठला. "अप्पानू, एक गाराणा माकाय घालूचा आसा."

गाऱ्हाणं घालायला कोणाला ना म्हणता येत नाही. अप्पा बाजूला सरकले. लवूकाकाने घसा साफ केला, आणि सूर लावला तो हुबेहूब त्याच्या वडिलांचा. माझी आई शेजारी पुटपुटली, "अगो, ह्यो तर म्हाताऱ्याचो गळो."

"बा देवा रवळनाथा, बारा वयवाटीच्या धन्या."

"व्हय म्हाराजा."

"तुज्या दारातली घाट, जी वाजल्याबिगर तुजी पूजा सुरू होणा नाय, ती फिरंग्यांच्या फुटलेल्या गलबतावयली. तिच्यार अजून फिरंग्यांची अक्षरां आसत."

"व्हय म्हाराजा."

"तुज्या देवस्थानाची काजीची बाग आसा, तेच्या उत्पन्नार तुजी दिवाबत्ती चलता. ती काजी पयली फिरंग्यांनीच दर्यापलीकडसून हाडली."

"व्हय म्हाराजा."

"उद्या गाव जेवतलो, त्या सांबाऱ्यात मिरची पडतली. ती मिरचीय त्याच बोटीतली. मिरची काडली तर गाव जेवूचो नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आणि हे जरा मनापासून आलं.

"गोंयात फिरंगी होते तेवा धोंडून तरंगाक मखमल लावल्यान. ती मखमल गोंयसून इली. आरोंद्याच्या खाडीतसून, जकात न भरता इली."

"व्हय म्हाराजा." आणि सगळ्यांच्या वर धोंडूचा आवाज. बाबली तांडेलाला ठसका लागला. मखमल कोणाच्या होडीतून आली ते त्या ठसक्याने सगळ्यांना कळलं.

लवूकाका थांबला नाही. थांबला असता तर लोकांना विचार करायला वेळ मिळाला असता. त्याने कांगा उलगडून दोन्ही हातांवर धरला.

"ह्या कापाड मुंबयच्या गिरणीत छापला. गिरणीत कामाक कोण? ह्याच गावचे आमचे झिल, आमचीच पोरां."

"व्हय म्हाराजा."

"ह्याच्यात एका आवशीन चार पोरां पाटीर बांदली. जेच्यात पोरां वाडली, ता कापाड परक्या होणा नाय."

"व्हय म्हाराजा." हे बायकांकडून आलं, खांबामागून. आमच्यात बायका गाऱ्हाण्याला मोठ्याने बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"तुजो ह्यो लवू दर्यापलीकडसून परत इलो. तेका खुर्ची दिली. चाय दिली. काम कोणी देवक नाय. दोन दिस पावणो, तिसऱ्या दिसा हातात कुदळ, ही साऱ्या मुलखाची रीत. तेका तर आता पाच म्हयने झाले."

"व्हय म्हाराजा."

"तर ह्यो लवू पावणो न्हय, ह्याच घरचो आसा. मान एकट्याचो नको, घराण्याचो ऱ्हवांदे. उद्या तरंगाक धोंडूचो हात लागांदे, आणि धोंडूच्या हाताक लवूचो हात लागांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

घुमलं. दारातल्या घंटेलासुद्धा हलकासा नाद आला. मग एकेकाचं तोंड मिटत गेलं. आपण कशाला हो म्हणालो ते आता कानांनी तोंडाला सांगितलं होतं.

"माज्या तोंडातसून गेला," धोंडू म्हणाला. "माज्या मनात नव्हता."

"गाराण्यात तोंडातसून गेलेला परत येणा नाय," अप्पा म्हणाले.

"मगे पयला गाराणा? तेकाय सगळे व्हय म्हणाले. लवूदादाय म्हणाले."

अप्पांनी डोळे मिटून बराच वेळ मान हलवली. ते असं करतात तेव्हा त्यांना काही सुचलेलं नसतं, हे मला माहीत आहे. ती नक्कल माझी सगळ्यांत चांगली जमते. पण त्या दिवशी सुचलं. "पयल्या गाराण्यात काय ठरला? पावण्याचो हात लागाचो नाय. दुसऱ्यात काय ठरला? लवू पावणो न्हय. मगे भांडान खंय ऱ्हवला? दोनय गाराणी खरी." आणि ते कांगा बघायला पुढे झाले. काठावरच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या काय लिवला हा, देवाक चलात मा?" लवूकाकाने सांगितलं. अप्पा म्हणाले, "चलात. देवाकय कुदळीचा माणूस आवाडता."

दसऱ्याच्या सकाळी धोंडूने सवयीने खुर्ची आणली. देवळाच्या मंडपात ठेवली, फडक्याने पुसली. लवूकाका उभाच. धोंडूही उभा. दोघे खुर्चीकडे बघत. तरंग आडोशाला टेकवलेला, त्याचं टोक धोंडूच्या हाताच्या वर गेलेलं. दरवर्षी तो त्यासाठी देवळातला पाट घ्यायचा आणि दरवर्षी पाट डगमगायचा. धोंडूने एकदा टोकाकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे. मग त्याने ती उचलली, तरंगाखाली नेऊन ठेवली आणि स्वतःच वर चढून उभा राहिला.

"दी हय," तो म्हणाला.

लवूकाकाने कांग्याचं टोक वर दिलं. धोंडूने ते काठीला धरलं, लवूकाका खाली निऱ्या घालू लागला. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. बोटं सुरुवातीला अडखळत होती. पंचवीस वर्षं नुसत्या बाह्या आणि कॉलरी केलेली बोटं.

"ओढ मरे नीट," वरून धोंडू कावला. "निजलंस काय? ही निरी बग तुजी, म्हशीच्या कानासारी लोंबता."

लवूकाकाने वर बघितलं. रुक्मिणीकाकू माझ्या शेजारी उभी होती, ती म्हणाली, "आयकलंस? तू म्हणालो तेका." आणि लवूकाकाने ती निरी सोडून परत घातली, इतक्या आनंदाने की म्हशीचे आणखी चार कान कोणी दाखवले असते तर तेही त्याने परत घातले असते.

कांग्यावर लुगडी चढली, सगळ्यांत वर जकात चुकवलेली मखमल. खालून कांग्याची काळी किनार बोटभर दिसत होती. चार जणांनी तरंग उचलला. उंबरठ्याशी तो जरा कलला, तेव्हा धोंडू खुर्चीवरूनच ओरडला, "पोले पोले. अरे पोले पोले, घाटेक लागात."

आणि उचलणारे चौघे, पाच महिने कानांवर पडलेलं ते, एका सुरात म्हणाले, "पोले पोले." बाहेर पडताना म्हणाले, पायऱ्यांवर म्हणाले. मग तरंग फिरायला लागला आणि पोले पोले कोणी राहिलं नाही. घेर उघडला, मखमल, लुगडी आणि खाली ती तांबडीभडक कडा, मामा जुमाची, गोल गोल.

कट्ट्याचे काही पाहुणे दसरा बघायला आले होते. त्यातल्या एका मुलाने अप्पांना विचारलं, "अप्पानू, तरंग उचलताना ते पोले पोले काय म्हणतत?"

अप्पा तरंगावरची नजर न काढता म्हणाले, "तो आमच्या रवळनाथाचो जुनो शब्द. पूर्वापार चलत इलो हा."

लवूकाका शेजारीच होता, पण तोंडात अजून टाचण्या. हसता येईना, बोलता येईना. नुसते डोळे भरून आले. आणि अप्पांचा सूर शेवटाला खाली आला होता, त्यामुळे आजूबाजूचे सगळे, धोंडू, बाबली, खांबामागच्या बायका, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा, एका तोंडाने म्हणालो, "व्हय म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली तांडेल सदरा काढून लवूकाकाच्या पडवीत येऊन उभा राहिला. "लवू, ह्या शिवन दी. आणि पोले पोले करू नको, माका होडयेर जावचा आसा."